शिक्षकाचें शिक्षण

(मोडनिंब येथें जुबिलीनिमित्त भरलेल्या पालक व शिक्षक यांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या प्रसंगीं पाद्र्यानें बोलावयाचें म्हणजे मिशनच्या इतिहासावरच बोलावयाचें, अशी सर्वांची समजूत असते. तें काम मजहून वडील व अधिक जाणत्या मंडळींनीं पत्करलें आहे. जुबिली समितीच्या चिटणीसांनीं मला जो विषय लावून दिला तो ‘शिक्षकाचें शिक्षणाविषयींचें तत्त्वज्ञान’ असा आहे. विषय भारदस्त आहे खरा. सेमिनरींत असतांना याच विषयावर मीं वीस पानांचा निबंध लिहिला होता, आणि त्यास गुणही बरे पडले होते. आज त्यांतील एक वाक्यही मला स्मरत नाहीं. पुढें या विषयांत जें कांहीं थोडेंफार शिकलों तें एका मुलाकडून, आणि तेंही तो मुलगा माझ्यामुळें शाळेबाहेर गेल्यानंतर. यास्तव तत्त्वज्ञान बाजूस ठेवून प्रथम तीच हकीकत सांगतों.

मला गुरुदीक्षा मिळून तीन वर्षें झालीं होतीं. एका शाळेंत सहावीच्या वर्गास मी गणित शिकवीत असें. दसरा-दिवाळी झाली कीं वर्गांतील पांचसहा मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीस जात, आणि चैत्राच्या सुमारास, परीक्षा तोंडावर आली असतां, परत येऊन बांकावर बसत. मधल्या महिन्यांत उरलेला वर्ग अपूर्णांक शिकून मोकळा झालेला असे. अशाच एका सकाळीं मीं नुकत्याच परतलेल्या एका मुलास उभें केलें आणि साडेचारास दीडानें भागावयास सांगितलें. तो गप्प राहिला. मीं पुन्हां विचारलें, पुन्हां गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानें खालीं पाहिलें. हा मुलगा हट्टी आहे अशी माझी खात्री झाली. मीं त्याला हात पुढें करावयास सांगून छडीचे दोन तडाखे दिले. हात पुढें करतांना त्यानें तो पुरता उघडला नाहीं. उसाच्या पाल्यानें चिरलेलीं त्याचीं बोटें सरळ होत नव्हतीं. तें मला त्या वेळीं दिसलें, पण कळलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं, तिसऱ्या दिवशींही नाहीं. मीं हजेरीपटावर कांहीं दिवस गैरहजेरी मांडली आणि पुढें रीतीप्रमाणें त्याचें नांव कमी झालें. त्याच्या घरीं जावें असें माझ्या मनांत आलें नाहीं असें नाहीं. परंतु परीक्षा होत्या, उपवासकाळ होता, आणि माणसाला न जाण्यास कारणें पुष्कळ सांपडतात.

या गोष्टीस वीसाहून अधिक वर्षें लोटलीं. गतवर्षीं गळिताच्या हंगामांत, सायंकाळच्या वेळीं, उसानें भरलेला एक ट्रॅक्टर आपल्या फाटकाबाहेर चाक बसून उभा राहिला. तीनचार माणसें पाणी मागावयास आलीं. त्यांतील एकजण माझ्याकडे पाहून हंसला व म्हणाला, “फादर, वळखलं न्हाई का मला?” मीं ओळखलें नाहीं. त्यानें शाळेचें नांव सांगितलें, तेव्हां ओळखलें. तो आतां एका लहान टोळीचा मुकादम झाला आहे. चाक दुरुस्त होईतों मंडळी ओसरीवर बसली आणि दिवसाचा हिशेब करूं लागली. येथें बाहेरगांवच्या पाहुण्यांकरितां सांगावयास हवें कीं, ऊसतोडींत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस, तो विधुर असो कीं अविवाहित, तो अर्धा कोयता. त्या टोळींत नऊ कोयते होते आणि एक अर्धा. त्यानें कागद घेतला नाहीं, बोटें मोजलीं नाहींत. “एकोणीस टन. साडेनऊ कोयतं. कोयत्यामागं दोन, अर्ध्याला एक,” इतकें बोलून तो पाणी पिऊं लागला.

मी तेथेंच उभा होतों. एकोणिसास साडेनवानें भागणें हें सहावीच्या पुस्तकांतील उदाहरणाहून सोपें नाहीं. मीं त्याला विचारलें, हें तूं कधीं शिकलास? तो म्हणाला, लहानपणापासूनच येतें. त्याचा एक चुलता अर्धा कोयता होता आणि त्याचा वांटा कधीं चुकूं नये म्हणून घरांत रोज हीच बेरीजवजाबाकी चाले. म्हणजे ज्या सकाळीं मीं त्याला मारलें त्या सकाळींही त्याला अपूर्णांक येत होते. ‘दीड कोयत्यानें साडेचार टन तोडला, तर कोयत्यामागें किती?’ असें मीं विचारलें असतें, तर उत्तर माझ्या अगोदर त्यानें दिलें असतें. अज्ञान होतें तें माझें होतें. मला त्याची भाषा येत नव्हती, आणि त्याची शिक्षा मात्र त्यानें भोगली.

मीं त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “तुमी मारलं ते मी इसरलो बी, फादर.” मग थोडें थांबून म्हणाला, “शाळा न्हाई इसरलो.”

त्या रात्रीं मीं संत अगस्तीन यांचा एक लहानसा ग्रंथ पुन्हां काढून वाचला. अगस्तीन हे आपणांस महागुरू व संत म्हणून ठाऊक आहेत. परंतु त्यापूर्वीं त्यांनीं कार्थेज, रोम व मिलान या नगरांत वक्तृत्वशास्त्र शिकवून पोट भरलें होतें, हें आपण विसरतों. इ. स. ३८९ च्या सुमारास त्यांनीं आपला मुलगा आदेओदातुस याच्याशीं झालेल्या संवादाच्या रूपानें ‘शिक्षकाविषयीं’ हा ग्रंथ लिहिला. तो बुद्धिमान मुलगा पुढें तरुणपणींच वारला. ग्रंथाचा आशय थोडक्यांत असा कीं, शब्द ही नुसती खूण आहे. शिक्षक खूण करतो. वस्तु पाहावयाची ती विद्यार्थ्यानें आपल्या अंतःकरणांत, आणि तेथें जो शिकवितो तो खरा गुरु स्वतः ख्रिस्त होय. शिक्षकाच्या मनांत काय आहे हें कळावें म्हणून कोणी आपलें मूल शाळेंत धाडीत नाहीं, असेंही ते थोड्या विनोदानें सुचवितात. सेमिनरींत हा ग्रंथ मीं परीक्षेपुरता वाचला होता. मुलाच्या अंतःकरणांत माझ्या अगोदर कोणी शिक्षक बसलेला आहे आणि त्याच्याच वर्गांत मी पाहुणा म्हणून जात आहें, ही कल्पना जर मीं खरी मानली असती, तर तेथें छडी घेऊन शिरलों नसतों.

याच संतांनीं सुमारें ४०० सालीं कार्थेजच्या देओग्रातियास नांवाच्या एका उपगुरूस लिहिलेलें पुस्तक प्रत्येक शिक्षकानें व शिक्षिकेनें वाचावें असें मला वाटतें. त्या बिचाऱ्याची तक्रार अशी होती कीं, नवख्या लोकांस धर्म शिकवितां शिकवितां आपल्यालाच आपल्या बोलण्याचा कंटाळा येतो. अगस्तीन त्याच्यावर रागावत नाहींत. आईबाप तान्ह्या मुलाशीं बोबडे बोलतात त्याचा त्यांस कंटाळा येतो काय, असें ते विचारतात. ऐकणारा थकला असेल तर त्याला बसावयास द्या, असाही त्यांचा सल्ला आहे. सोळाशें वर्षांपूर्वींच्या त्या मोठ्या पंडिताला समोरच्या माणसाच्या दुखणाऱ्या पायांची आठवण राहिली. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत फरशीवर दोन तास मांडी घालून बसणाऱ्या मुलांची आठवण आम्हांस किती राहते, याचा विचार मीं आतां करूं लागलों आहें. (वर्ग आतां एक तासाचा केला आहे, हें मुलांनीं आधींच टाळ्या वाजवून कळविलें!)

छडीविषयीं बोललों म्हणून आणखी एक प्रसंग सांगतों. १८४१ सालचा ८ डिसेंबर, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. ट्युरिन शहरांतील असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या देवळांत एक तरुण पाद्री मिस्सेकरितां वस्त्रें चढवीत होता. थंडीचा एक अनाथ मुलगा आंत येऊन उभा राहिला. देवळाच्या सेवकानें त्याला मिस्सेची सेवा करावयास सांगितलें. ती त्याला येत नव्हती. तेव्हां सेवकानें त्याला बडवून हांकलून दिलें. पाद्र्यानें तो आवाज ऐकला, हा माझा मित्र आहे असें सांगून मुलाला परत बोलावून आणविलें, आणि मिस्सेनंतर त्याची विचारपूस केली. वाचतां येतें? नाहीं. लिहितां? नाहीं. गातां येतें? नाहीं. शेवटीं पाद्र्यानें विचारलें, शीळ घालतां येते? तेव्हां मुलगा हंसला. तो पाद्री म्हणजे संत जॉन बॉस्को, आणि तो गवंडीकाम करणारा मुलगा बार्थोलोमेओ गारेल्ली. सालेशियन संघाचीं आज जगभर पसरलेलीं विद्यालयें त्या दिवसापासूनचीं, असें तो संघ मानतो.

ज्या मुलाला कांहींच येत नाहीं असें वाटतें, त्याला काय येतें हें शोधून काढीपर्यंत प्रश्न विचारीत राहणें, हेंच मला त्या प्रसंगांत शिक्षकाचें मुख्य काम दिसतें. जॉन बॉस्कोनें चौथा प्रश्न विचारला. मीं तोच एक प्रश्न तीनदां विचारला.

आतां थोडें आपल्या घराकडे येऊं. भाषेची गोष्ट आमच्या पूर्वसूरींस चांगली ठाऊक होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट १५७९ सालीं गोव्यास आले, येथील भाषा शिकले, आणि तींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचून १६१६ सालीं छापविलें. त्यांनीं साष्टीच्या लोकांस लॅटिन शिकवून मग धर्म सांगितला नाहीं. हें येथें सांगावयाचें कारण, आपल्या तालुक्यांतही घरीं एक भाषा आणि पुस्तकांत दुसरी, अशीं कितीएक मुलें आहेत. आणि ज्यांची घरची भाषा मराठीच आहे त्यांचीही मराठी पुस्तकाच्या मराठीहून निराळी आहे. ‘न्हाई’ म्हणणाऱ्या मुलाला दहा वेळां ‘नाहीं’ म्हणावयास लावून आपण शुद्ध भाषा शिकवितों, असा आमचा समज असतो. पुष्कळदां तें मूल त्या दिवसापासून बोलणेंच सोडतें.

याच आपल्या माढा तालुक्यांत, परितेवाडीच्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत, २००९ सालीं श्री. रणजितसिंह डिसले हे तरुण शिक्षक रुजू झाले. एका बाजूस गुरांचा गोठा व दुसऱ्या बाजूस कोठार, अशा पडक्या जागेंत तेव्हां ती शाळा होती. पुढें ३ डिसेंबर २०२० रोजीं वार्की फाउंडेशननें युनेस्कोच्या सहकार्यानें दिलेलें दहा लक्ष डॉलरांचें जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांस मिळालें, हें आपण सर्वांनीं वर्तमानपत्रांत वाचलें. त्या दिवशीं मोडनिंबच्या बाजारांतही दुसरा विषय नव्हता. त्यांनीं रकमेचा अर्धा भाग अंतिम फेरींतील उरलेल्या नऊ शिक्षकांस वांटून दिला. तें औदार्य तर वंदनीय आहेच. परंतु मला त्यांच्या कामांतील निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोडाचा लहानसा चौकोन छापावयाचा; मोबाइल त्याजवर धरला कीं त्या धड्याची कविता ऐकूं यावी, चित्रपट दिसावा, गोष्ट सुरू व्हावी, अशी त्यांची योजना होती. २०१७ सालीं महाराष्ट्र सरकारनें सर्व इयत्तांच्या पुस्तकांकरितां ती स्वीकारली, आणि पुढील वर्षीं केंद्राच्या पुस्तकांकरितांही तशी घोषणा झाली. पुष्कळांस यांत यंत्राचा चमत्कार दिसला. मला यांत देओग्रातियासच्या तक्रारीचें उत्तर दिसलें. माणूस कंटाळतो, चिडतो. तो चौकोन चिडत नाहीं. जें मूल पांच महिने उसाच्या फडांत होतें, त्यानें कोपींत बसून तीच कविता अकरा वेळां ऐकली तरी कोणी त्याला ‘पुन्हां विचारतोस?’ म्हणत नाहीं. मुलींची हजेरी पूर्ण झाली आणि गांवांत बालविवाह होईनासे झाले, असेंही पारितोषिक देणाऱ्यांनीं नमूद केलें आहे. दुरून काढलेल्या चित्राचे रंग थोडे गडद असावयाचेच. तरी सुधारणा खरी होती. तथापि एक सांगतों. मोबाइल बापाच्या खिशांत असतो आणि बाप रात्रीं नऊला घरीं येतो, हें जर आपण ध्यानांत घेतलें नाहीं, तर तो चौकोन नुसती पानावरची नक्षी होऊन राहील.

मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें उठून मुलाकडे जावें, हा विचारही महाराष्ट्रांत नवा नाहीं. ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि १९५७ पासून तें कोसबाडच्या टेकडीवर चालविलें. आदिवासी मुलें गुरें राखावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत असें दिसल्यावर त्यांनीं मुलांना दोष दिला नाहीं. गुरें चरतात तेथेंच वर्ग नेला आणि त्यास कुरणशाळा असें नांव दिलें. अंगणवाडी हा शब्द आज आपण रोज उच्चारतों, त्याच्या मुळाशींही याच दोन बाईंचे कष्ट आहेत. आपल्या भागांत साखरशाळा निघाल्या त्या याच विचाराच्या. कांहीं चालल्या, कांहीं हंगाम संपण्यापूर्वींच बंद पडल्या.

कायद्यानेंही पुष्कळ केलें आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलास मारण्याची मनाई केली. मजसारख्यास हें कलम वीस वर्षें अगोदर हवें होतें. परंतु पालकहो, या कायद्याचें छत्र सहा ते चवदा वर्षांच्या मुलांवर आहे. मुलीच्या लग्नास कायद्यानें अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. चवदापासून अठरापर्यंतच्या त्या चार वर्षांत मुलगी शाळेंत असेल तर तिला कोणी हात लावीत नाहीं. शाळेंत नसेल तर ‘घरीं बसून काय करायचें?’ हा प्रश्न पहिल्याच दिवाळीला निघतो, आणि त्याचें उत्तर उन्हाळ्यांत मांडवांत मिळतें. लग्न झालें कीं एक नवा कोयता होतो. त्या जोडप्याच्या नांवावर मुकादमाकडून उचल मिळते. हें मी कोणावर टीका म्हणून बोलत नाहीं. ज्याच्या घरीं कर्ज आहे त्याला हें गणित फार लवकर कळतें.

आतां मूळ हकीकतीकडे वळतों, कारण ती संपलेली नाहीं. त्या मुकादमास एक मुलगी आहे. गतवर्षीं ती नववीची शाळा अर्ध्यावर टाकून टोळीबरोबर आली होती. ट्रॅक्टरचें चाक बसलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं तो तिला घेऊन आला. तिला येथील शाळेंत प्रवेश मिळाला, आणि हंगाम संपून टोळी गांवीं गेल्यावर आपल्यापैकीं एका कुटुंबानें तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. त्या माउलीनें आपलें नांव घेऊं नये असें मला बजावलें आहे. मुलगी यंदा दहावीस आहे. गणितांत ती बापावर गेली आहे. परवां बाप भेटावयास आला, आणि जातां जातां त्यानें विचारलें, “धावी झाली की मग काय करायचं, फादर?” घरचे लोक उन्हाळ्यांत तिचें उरकून टाकावें असें म्हणत आहेत. आणखी दोन वर्षें ती एकाच घरावर भार होऊन राहणें हें त्याला बरें वाटत नाहीं, आणि त्यांत त्याचें चुकतें असें मी म्हणूं शकत नाहीं. मीं त्याला अजून उत्तर दिलेलें नाहीं.

व्हॅटिकन येथील दुसऱ्या विश्वसभेनें १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्रांत आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत असें सांगितलें आहे. हें वचन आम्ही पाद्री लोक पालकसभांत फार वापरतों, आणि बहुधा पालकांस दोष देण्याकरितां वापरतों. याच घोषणापत्रांत, आईबापांच्या या कामीं सगळ्या समाजानें त्यांस साह्य करावें असेंही म्हटलें आहे. तें वाक्य वाचावयास आम्हांस वेळ होत नाहीं.

जुबिलीची आठवण म्हणून फाटकावर दगडी कमान उभारावी असा ठराव समितीनें केला आहे, आणि त्याकरितां वर्गणीही जमली आहे. कमानीस माझा विरोध आहे असें कोणी समजूं नये. नकाशा मीच आणविला होता. परंतु देवळामागें धान्याची जुनी कोठी आहे. तिचे पत्रे गळतात, भिंती मात्र भक्कम आहेत. सुताराकडून व गवंड्याकडून मीं अंदाज घेतला. कमानीस जितका खर्च येईल त्याहून थोड्या कमी पैशांत तेथें दोन खोल्या होतात. एकींत सायंकाळीं सहापासून आठपर्यंत अभ्यासिका. कोणत्याही धर्माचें, कोणत्याही भाषेचें मूल तेथें येऊं शकेल, आणि आठवड्यांतून दोन दिवस आपल्यापैकीं दोघे शिक्षक फडावरच्या कोप्यांकडे जातील. दुसरींत अकरावी-बारावीच्या चारपांच मुलींची, सिस्टरांच्या देखरेखीखालीं, राहण्याची सोय. मुलींच्या निवासास सरकारी परवानगी लागते. त्याचा अर्ज तयार आहे, जागेचा दाखला तेवढा जोडावयाचा आहे.

ठराव समितीचा आहे, तो बदलावयाचा तर समितीनेंच बदलला पाहिजे. धर्मगुरूच्या एकट्याच्या शब्दानें तो बदलावा असें मला वाटत नाहीं. यास्तव येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर याच मांडवांत सभा बोलाविली आहे. ज्यांनीं कमानीकरितां वर्गणी दिली त्यांनीं अवश्य यावें, आणि ज्यांस कमानच हवी आहे त्यांनीं तर विशेषेंकरून यावें. दोन्ही अंदाजपत्रकें ऑफिसच्या दारावर लावलीं आहेत. टोळी फाल्गुनाच्या अखेरीस गांवीं परतणार आहे. त्यापूर्वीं मला त्या माणसास उत्तर द्यावयाचें आहे.